मागच्याला लवकर दिसतो म्हणे! मामा, तो दिसतच नाही

परवा मामा पारोळ्याहून जळगावला आले. गल्लीत गाडी डावीकडे वळली तसा आतला टकटक आवाज मला ओट्यावर ऐकू आला, नेहमीच्या दुप्पट वेगाचा. म्हटलं, "मामा, इंडिकेटर फास्ट मारतोय. बल्ब गेलाय तुमचा."

मामांनी मोबाईल पुढे केला. "चालस रे, काही व्हत नही. हाई वाच."

हाच मेसेज त्या आठवड्यात मला आणखी दोघांनी पाठवला होता. त्यात म्हटलंय: इंडिकेटर जोरात लुकलुकला तर बॅटरी उतरत आलीय. फ्यूज कमजोर झालाय, वरच्या अँपिअरचा टाका. नाहीतर फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर चालू-बंद करणारा भाग, बदला. एलईडी बसवले असतील तर रेझिस्टर जोडा. आणि यातलं काहीच जमलं नाही तरी गाडी बिनधास्त चालवा, कारण जोरात लुकलुकणारा दिवा मागच्याला लवकर दिसतो.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. हे शेवटचं वाक्य वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून आधी तेच घेतो.

एका बाजूला दोन मुख्य बल्ब असतात, पुढे एक, मागे एक. साध्या बल्बच्या गाडीत प्रत्येकी २१ वॅटचा. १२ व्होल्टवर एक बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, दोन्ही मिळून साडेतीन. एक गेला की करंट निम्म्यावर येतो. फ्लॅशरला ते कळतं आणि तो टकटक वाढवतो. म्हणजे एका बाजूचा इंडिकेटर फास्ट मारतोय, तेव्हा बहुतेक वेळा त्या बाजूचा एक दिवा पेटतच नाहीये. तो मागचा असेल तर मागच्याला लवकर काय दिसणार? अंधार. आणि चालवणाऱ्याला समोर डॅशबोर्डवर बाण लुकलुकताना दिसतो, म्हणून तो समजतो की आपण इशारा दिला.

मोटारींवर दिवे कसे बसवावेत याचा संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे, क्रमांक ४८. इंडिकेटर मिनिटाला ९० वेळा लुकलुकावा, फार तर ३० कमी किंवा ३० जास्त, असं त्यात आहे. आणि पुढचा किंवा मागचा इंडिकेटर बिघडला तर डॅशबोर्डवरच्या बाणानं ते दाखवावं: विझून, सलग पेटून राहून किंवा वेग बदलून. गाडी बनवणाऱ्यानं हा वेग मुद्दाम ठेवलाय, ड्रायव्हरला सांगायला. तीच सूचना हा मेसेज 'फायदा' म्हणून विकतोय.

मामा रोज महामार्ग ५३ वरून जातात. एरंडोल सोडलं की मागे केळीचे ट्रक, सुरतेकडे जाणारे ट्रेलर. त्यातून त्यांना डावीकडे शेताच्या कच्च्या रस्त्याला उतरायचं असतं. मी मागचा दिवा उघडला. बल्बची काच आतून काळी पडलेली, फिलामेंट तुटून एका टोकावर लोंबत होतं, कानाशी हलवलं तर बारीक किणकिण. होल्डरमध्ये हिरवा गंज. किती दिवस मामा त्या ट्रेलरपुढे बिनइशाऱ्याचे वळत होते, त्यांनाही सांगता येईना.

फ्यूजचा सल्लाही तेवढाच वाईट. फ्यूज कमजोर होऊन टकटक वाढवत नाही. तो उडाला तर इंडिकेटर लागणारच नाही. आणि १० च्या जागी ३० अँपिअरचा टाकला, तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी वायर जळते. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडी आधीच भट्टी असते, त्यात हे उद्योग नकोत.

बॅटरी? बॅटरी दोन्ही बाजूंना एकच असते. मग डावाच कसा पळेल?

फ्लॅशरचं थोडं खरं आहे. दोन्ही बाजू फास्ट आणि सगळे बल्ब धड, तर तो तपासा. पण बऱ्याच नव्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर नसतोच, ते काम कंट्रोल युनिट करतं.

एलईडीचा मुद्दा मात्र बरोबर आहे, तेवढं मान्य करतो. एलईडी फार कमी करंट घेतो, म्हणून बल्ब गेल्यासारखंच फ्लॅशरला वाटतं. रेझिस्टर जोडला की करंट वाढतो आणि टकटक जागेवर येते. पण बाजारात मिळणारा ६ ओहमचा रेझिस्टर पेटलेल्या क्षणी जवळपास ३० वॅट उष्णता टाकतो. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. ती प्लॅस्टिकच्या दिव्याला टेकवून कोण ठेवेल? बसवायचाच तर पत्र्यावर, वायरींपासून लांब. माझं मत विचाराल तर गाडीला साजेसा फ्लॅशर घ्या, नाहीतर साधा बल्बच बरा.

तुमचा फास्ट मारत असेल तर हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, लावा, खाली उतरा, गाडीभोवती एक चक्कर मारा. जो पेटत नाही तो काढा. फिलामेंट धड दिसलं तर होल्डर पॉलिश पेपरनं घासा आणि अर्थिंग बघा. नवा बल्ब जुन्यासारखाच घ्या: पिवळ्या बल्बच्या पिना समोरासमोर नसतात, पांढरा त्याच्या होल्डरमध्ये नीट बसत नाही.

मामांचा बल्ब पाच मिनिटांत बदलला. टकटक पूर्वीसारखी झाली, तरी मी त्यांना स्टिअरिंगवर बसवलं नाही. मागे उभं केलं, मी इंडिकेटर दिला, आणि डावा, उजवा दोन्ही पेटलेले त्यांच्याच तोंडून वदवून घेतले. मग ग्रुपवरचा मेसेज त्यांनी स्वतः काढून टाकला.