बोथट सुरी जास्त कापते

'१२ वर्षांपर्यंत मुलांना धारदार वस्तूला हात लावू देऊ नका, शिकवायचंच तर बोथट सुरीने शिकवा' हा एका लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, मग ते निसटतं आणि बोटात घुसतं. माझ्या अंगठ्यावरची खूण बोथट सुरीचीच आहे. तीही तिशीत, टोमॅटो चिरताना!

आमच्या रत्नागिरीकडच्या घरी आजीने मला आठव्या वर्षी विळीवर बसवलं. पहिले काही दिवस नुसती भेंडी. पण त्याआधी विळीचे कायदे: पाय पाटावर घट्ट, नजर पात्यावर, कोणी हाक मारली तर आधी हात थांबवायचा, मगच मान वर करायची. क्षणभर उठायचं असलं तरी पातं मिटायचं. विळी ओलांडली की पाठीत धपाटा. आजोबांचा कोयत्याचा नियम एकच: हातात द्यायचा नाही, जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. आम्हाला ती अंधश्रद्धा वाटायची. आता माझी ९ वर्षांची लेक सुरी ओट्यावर ठेवते आणि मग 'घे' म्हणते. तिच्या बाबांना मात्र अजून सांगावं लागतं.