नियूच्या चांदीच्या नाण्याची ‘सरकारी हमी’

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘नियू देशाची चांदीची नाणी घेऊन ठेवा. सरकारने पाडलेली, कायदेशीर चलन, मोजकीच निघतात, त्यामुळे भाव कधी उतरत नाही.’ माझ्याकडे यातलं एक आहे, मला ते आवडतंही. पण या मजकुरात चांदी सोडली तर बाकीचा मुलामाच आहे.

सरकारने पाडलेली? दक्षिण प्रशांत महासागरातलं नियू हे जेमतेम 260 चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती दोन हजारांच्या आत. तिथे टांकसाळ कुठून असणार? नाणी पडतात न्यूझीलंडमध्ये, पोलंडमध्ये. नाव वापरू दिल्याबद्दल नियूला पैसे मिळतात. तुवालू या तसल्याच छोट्या बेट-देशाची नाणी अशीच ऑस्ट्रेलियात, पर्थला पडतात. यात लबाडी काही नाही, छोट्या देशाला चार पैसे सुटतात एवढंच.

कायदेशीर चलन मात्र खरं, आणि खरी गंमत इथेच आहे. माझ्या नाण्यावर लिहिलंय ‘2 डॉलर’. हा न्यूझीलंडचा डॉलर, नियूत तोच चालतो. म्हणजे साधारण शंभर रुपये. आत चांदी एक औंस, 31.1 ग्रॅम. चलन म्हणून हमी शंभराची आणि नुसती चांदीच त्याच्या कितीतरी पट! या हमीवर विसंबून झोपणाऱ्याला दंडवत.

मोजकीच? एका चित्राची नाणी किती पाडायची ते ठरलेलं असतं, चित्रं किती काढायची ते नाही. 2011 मध्ये स्टार वॉर्स सिनेमांची चित्रं आली, मग डिस्नीची, मग आणखी कोण कोण. शिवाय 2011 च्या त्या स्टार वॉर्स नाण्यांतली 1 डॉलरची नाणी नुसती चांदीचं पाणी दिलेली होती, तेव्हा ‘999’ ही शुद्ध चांदीची खूण कोरलीय का ते आधी बघा.

राहिला भाव. एप्रिल 2011 मध्ये चांदी औंसाला 49 अमेरिकी डॉलरच्या आसपास होती, डिसेंबर 2015 मध्ये 14 च्याही खाली. काही नाण्यांना हौशी गिऱ्हाईक चढा भाव देतं, नाही असं नाही, पण ते गिऱ्हाईक आपल्याला शोधावं लागतं.

मी माझं नाणं एकदा सराफाकडे नेलं होतं. त्याने प्रमाणपत्र न वाचताच बाजूला सारलं, नाणं काट्यावर ठेवलं, आकडा वाचला आणि त्या दिवशीचा चांदीचा भाव सांगितला. मी मखमली डबी पुढे केली, तर म्हणाला, “ही राहू द्या घरी, पोरांना खेळायला.”