छेदात सापडलेलं आधार

अर्ज नीट भरलेला, सही ठसठशीत, फोटो चिकटवलेला. भिंतीवरच्या फलकावर लिहिलं होतं: यादी 'अ'मधला ओळखीचा एक पुरावा, यादी 'ब'मधला पत्त्याचा एक. आधार दोन्ही याद्यांत. म्हणून मी तेवढंच जोडलं. खिडकीतल्या मॅडमनी अर्ज परत सरकवला.

"दुसरा पुरावा?"

"आधार दोन्हीकडे आहे ना."

"एकच कागद दोनदा कसा धरणार?"

"धरणार! का नाही धरणार?" हे मी म्हटलं नव्हतं. मागच्या रांगेतून एक निवृत्त गणिताचे सर पुढे घुसले होते. पिशवीत कोथिंबीर, खिशात लाल पेन. "अहो मॅडम, अ आणि ब हे काही विभक्त संच नाहीत, त्यांच्यात सामाईक घटक आहेत. यांचं आधार त्या सामाईक भागात, छेदसंचात येतं. 'अ'चा एक घटक मिळाला, 'ब'चाही मिळाला. दोन्ही वेगळे हवेत, असं कुठे लिहिलंय?"

मला भरून आलं. नववीच्या पुस्तकातला संचांचा पहिला धडा माझ्या बाजूने उभा राहील, असं वाटलं नव्हतं.

"काका, रांगेत या," मॅडम म्हणाल्या.

"थांबा, काढूनच दाखवतो." आणि सरांनी माझाच अर्ज ओढून दुसऱ्या पानावरच्या 'फक्त कार्यालयीन वापरासाठी' या रिकाम्या चौकटीत लाल पेनने एकमेकांत गुंतलेली दोन वर्तुळं काढली. मधल्या भागात तिरप्या रेघाही ओढल्या. "या जॉन वेनच्या आकृत्या. 1880 पासून जगाला कळतात. संचांचा सिद्धांत मांडणाऱ्या कॅंटरलाही असंच छळलं होतं बर्लिनच्या गणिती क्रोनेकरने! बिचारा कॅंटर 1918 मध्ये जर्मनीतल्या हाले शहरातल्या मनोरुग्णालयात वारला."

मॅडमनी ती वर्तुळं शांतपणे पाहिली. "खाडाखोड झालीय. नवीन अर्ज आणा. आणि दुसरा पुरावा."

आता मला सांगा, 'दोन वेगवेगळे' हे दोन शब्द फलकावर रंगवायला किती रंग लागला असता? तिथे 'थुंकू नये' दोनदा लिहिलंय. पाच खिडक्यांपैकी चालू एक, त्यातही जेवणाची सुट्टी तोंडावर. नियम मात्र मॅडमच्या मनात, आणि ते मन वाचायला आपण रजा टाकून जायचं.

सर सोबत आलेच. "घरी पाच कागद असतील, तर त्यांतून निवडता येणारे गट, म्हणजे उपसंच, बत्तीस होतात. दोन-दोनचे दहा. एखादा चालेलच."

"आणि एकही कागद नसलेला, रिक्त उपसंच? तोच आणू?"

"तोही धरलाय त्या बत्तिसांत," सर म्हणाले. टोमणा त्यांना लागलाच नाही.

बाहेर झेरॉक्सवाल्याने कोऱ्या अर्जाचे दहा रुपये मागितले. पानाला पाच. मी म्हटलं, "दुसऱ्या पानावर आहे काय? एक रिकामी चौकट!"

"बरोबर मागतोय तो," सर म्हणाले. "रिक्त संचात काही नसतं. पण तो दुसऱ्या संचात ठेवला की त्या संचात एक घटक होतो. द्या दहा. आणि माझ्याही एका अर्जाचे द्या, सुटे नाहीत माझ्याकडे."