८९० म्हणजे आपल्या रानातली तूर नव्हे

आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो जुना मेसेज पुन्हा फिरतोय. ‘मॉलमधल्या पाकिटावरचा बारकोड बघा. ६९० ते ६९९ ने सुरू झाला तर चिनी, ८९० असेल तर भारतीय. सरकारनेच ही खूण सक्तीची केलीय. ८९० बघूनच घ्या, आपला शेतकरी जगवा.’ या वेळी तो टाकलाय माझ्या थोरल्या चुलत भावानं. दादा औसा तालुक्यात तूर-सोयाबीन करतात. म्हणूनच उत्तर नीट द्यावंसं वाटलं.

पहिला मुद्दा आकड्यांचा. ८९० भारताकडे आणि ६९० ते ६९९ चीनकडे, एवढं खरं आहे. पण हे आकडे फक्त कंपनीनं नंबर कुठून घेतला ते सांगतात. हे नंबर देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं नाव जीएसवन. तिच्या भारतातल्या कार्यालयात नोंदणी केली की त्या कंपनीच्या मालावर ८९० छापता येतं, मग माल कुठंही तयार होवो. आमच्या घरातली चार्जिंगची बॅटरी मी काल उलटी करून पाहिली. बारकोड ८९० ने सुरू होतो आणि दोन बोटं खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ‘मेड इन चायना’.

सरकारी सक्तीचंही तसंच. बारकोड ही दुकानदारीची सोय आहे. यंत्र तेरा आकडे वाचतं आणि वस्तूचं नाव, भाव दुकानाच्या कॉम्प्युटरमधून येतो. देशाबद्दलचा कायदा वेगळा आहे, वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११. बाहेरून आलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापावा लागतो. वाचायची ती ओळ.

आता डाळीचं, कारण आपल्या पोटाचा प्रश्न तिथं आहे.

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, कुणालाही विचारा, तुरीच्या जाती सांगताना लाल-पांढरीबरोबर ‘लेमन’ आणि ‘गजरी’ ही नावं सहज येतात. लेमन म्हणजे म्यानमारची, गजरी मोझांबिकची. मोझांबिकशी तुरीचा सरकारी करार २०१६ सालचा. मे २०२१ मध्ये आयात खुली झाली आणि ती मुदत पुढं वाढत गेली. कंटेनर न्हावा शेवाला उतरतो, आयातदार व्यापाऱ्याला विकतो, व्यापारी डाळमिलला. मिलमध्ये ती भरडून, फटका मारून म्हणजे पॉलिश करून पिवळीधमक केली की कोणता दाणा कुठला हे डोळ्यांनी कळत नाही.

मोठ्या साखळी दुकानाचा खरेदीदार मिलला विचारतो ते दर्जा, ओलावा, भाव आणि दर महिन्याला किती टन देणार. शेत कुणाचं, हे तो सहसा विचारत नाही. डाळ त्यांच्या स्वतःच्या छापाच्या पाकिटात भरली जाते. या महिन्यात आपल्याकडची, भाव चढला की पुढच्या महिन्यात आफ्रिकेची, आणि दोन्ही वेळा पाकीट तेच, बारकोडही तोच ८९०. डाळ इथं भरडली, इथंच भरली, म्हणून तुरीचा मूळ देश बहुतेक पाकिटांवर दिसतच नाही.

त्यामुळे मेसेजमधलं शेवटचं वाक्य, ‘आपला शेतकरी जगवा’, मला सगळ्यात जास्त लागतं. देशात तूर कमी पडते तेव्हा ती बाहेरून आणावी लागते, हे मला मान्य आहे. पण आपली रास होऊन कट्टे मोंढ्यात जातात ते जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तेव्हा गोदामं आयात तुरीनं भरलेली असली की भाव दबतो. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरला होता, पण हमीभाव हातात पडतो का हा खरा प्रश्न. ८९० बघून घेणारं गिऱ्हाईक आपण शेतकऱ्याला साथ दिली असं समजून घरी जातं, आणि पाकिटात गजरी असू शकते.

दादांनी विचारलं, ‘मग ओळखायचं कसं?’ निलंग्याकडच्या बोरसुरीच्या डाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथं गावाचं नावच खूण आहे. गावातल्या बचत गटाकडून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतली तर शंका उरत नाही. बाकीच्या पाकिटांसाठी मागणी एकच करायला हवी: डाळ कुठंही भरडा, तूर कोणत्या देशात पिकली ते पाकिटावर मोठ्या अक्षरात छापा. दादा, पुढचा मेसेज हा लिहा, मी सगळ्या ग्रुपवर टाकतो.