विलायतेतल्या कुत्र्याचं सुतक

"इथे पोरांना कुत्री चावतायत आणि आमच्या बायला विलायतेतल्या कुत्र्याचं सुतक पडलंय."

हे माझ्या सख्ख्या दादाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, २०२५ च्या डिसेंबरात, आमची कुत्री अबोली गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी. मी फक्त तिचा फोटो टाकला होता आणि आईला लिहिलं होतं की तिन्हीसांजेला तुळशीकडे दिवा लावशील तेव्हा एक वात हिच्या नावाने लाव. त्यावर हे. खाली चुलतभावांनी हसरे चेहरे टाकले, एका वहिनीने हात जोडले, आणि मग दादाने अजून एक ओळ लिहिली, ती पुढे सांगते, आत्ता सांगितली तर बाकीचं लिहून होणार नाही.

तेव्हापासून मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देतेय. बसमध्ये, शिफ्टला, रात्री हँडओव्हर लिहिताना, लिडल सुपरमार्केटच्या रांगेत. आता सगळं एकदाच लिहून टाकते.

पहिलं म्हणजे ही भांडणं अबोलीवरून सुरू झाली नाहीत. गोव्यात आमच्या पेडण्याच्या गावात २०२५ च्या ऑगस्टपासून कुत्र्यांवरून वाद पेटलाय, सगळ्या देशात पेटलाय तसाच. ११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हटलं, २२ ला तीन न्यायमूर्तींनी ते बदलून नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा म्हटलं, पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी सोडून, मग ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं इथली उचला आणि परत तिथे सोडू नका असं आलं. प्रत्येक ऑर्डरच्या दिवशी ग्रुपवर दोन पार्ट्या. दादा उचला पार्टीत. त्याचं कारण मला माहीत आहे, त्याच्या धाकट्याला दोन वर्षांमागे शाळेच्या वाटेवर कुत्रं चावलं, पोटरीला, आणि मग इंजेक्शनांच्या तारखा, पोराची रडारड, रात्री झोपेत ओरडणं, ते सगळं त्यांनी काढलं. मी तेव्हा इथून त्याला साबणाने पंधरा मिनिटं जखम धू म्हणून मेसेज केला होता. बरोबरच होता तो सल्ला. पण पोराला फोन केला दोन दिवसांनी, हेही खरं.

तरी मला राग येतो तो या गोष्टीचा की उचला म्हणणाऱ्यांना उचलून नेणार कुठे हे सांगता येत नाही, आणि गोव्यात बसून हे बोलतात याचा जास्त. कारण या बाबतीत आपण सगळ्या देशाच्या पुढे होतो. मी गावी आलेले तेव्हा बघितलंय, पोरं मोठ्या जाळ्या घेऊन पहाटे फिरायची, कुत्र्याला जाळीत धरून लस टोचायची, डोक्यावर रंगाचा पट्टा मारायची म्हणजे तेच परत धरायला नको, आणि मोबाईलवर नोंद. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस पोचली की रेबीजला पुढे जायला वाट मिळत नाही, एवढं साधं गणित आहे ते. २०२१ साली सरकारने जाहीर केलं की तीन वर्षांत गोव्यात रेबीजने माणूस दगावला नाही. हे कुत्री हटवून झालं नाही, कुत्री जागेवर ठेवून झालं. लस टोचलेलं कुत्रं उचललंत तर त्याच्या जागी बाहेरचं, बिनलशीचं येतं, हे आमच्या मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या कोणालाही विचारा. किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलांचे शॅकवाले सीझनभर उष्टं घालतात, मे संपला की शॅक मोडतात, आणि पावसात तीच कुत्री उपाशी गावात शिरतात. शॅक काही कुत्र्यांनी मागून घेतले नव्हते.

हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, तू आता पोर्तुगीज, गावच्या कुत्र्यांवर बोलू नको. माझा पासपोर्ट पोर्तुगीज आहे म्हणून.

इंग्लंडात स्विंडनला मला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षांत बिनमालकाचं कुत्रं मी रस्त्यावर दोनदा बघितलं आणि दोन्ही वेळा जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी कोणीतरी आधीच फोन लावला होता. २०१६ पासून कुत्र्याला मालकाची नोंद असलेली चिप सक्तीची आहे. प्रत्येकाच्या खिशात पिशवी, घाण आपली आपण उचलायची, नाही उचलली तर दंड, आणि दंड खरंच होतो. कोट वॉटर पार्कला सकाळी सातला जा, तीस कुत्री सुटी फिरत असतात, पोरं असतात, बदकं असतात, कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. कुत्रा ही मालकाची जबाबदारी आहे हे या लोकांना समजतं आणि आपल्याकडे समजत नाही, हे मी दहादा लिहिलंय आणि अजून म्हणते.

जे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही ते पण लिहिते. इथे रस्ते रिकामे आहेत कारण सापडलेलं कुत्रं काउन्सिल सात दिवस ठेवते. सात दिवसांत मालक आला नाही तर दुसऱ्याला द्यायचं, विकायचं, नाहीतर सुई देऊन मारायचं, आणि ते कायद्यात लिहिलेलं आहे. दादाला हे कळलं असतं तर त्याने लगेच ते माझ्यावरच उलटवलं असतं, म्हणून नाही लिहिलं.

अबोली ग्रेहाउंड होती, शर्यतीत पळवतात ती जात. तिच्या दोन्ही कानांत आतल्या बाजूला हिरवट शाईने गोंदलेलं होतं, दोन्ही कानांत म्हणजे आयर्लंडची, इंग्लंडात नोंदवलेल्यांच्या एकाच कानात असतं. तिकडे जन्मली, इकडे पळायला आणली, साडेतीन वर्षांची झाली तशी वेग कमी झाला आणि काम संपलं. रेस्क्यूवाल्या बाईने मला तिची फाईल वाचायला दिली, किती वेळा पळाली, कितवी आली, वजन किती, शेवटी एक तारीख आणि पुढे काही नाही. मी म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये काम करते, तिथल्या अर्ध्या बायकांची फाईल तशीच निघेल.

ऑगस्ट २०२१ मध्ये घरी आणली. तिने घर कधी बघितलेलंच नव्हतं. जिना म्हणजे काय हे माहीत नाही, मी एकेक पाय उचलून पायरीवर ठेवायचे, पुढचे दोन, मग मागचे दोन, चार दिवस आम्ही दोघी जिन्यावर. वॉशिंग मशीन फिरायला लागलं की थरथरायची. भुंकत नसे, अजिबात नाही, ग्रेहाउंड फार भुंकत नाहीतच, आणि अंगाचा रंग बघून मला घरच्या वळेसरातली, म्हणजे गजऱ्यातली, फुलं आठवली, म्हणून अबोली. नवरा म्हणाला इंग्लिश लोकांना म्हणता येणार नाही. व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, ॲबी म्हणायचे.

घरात आम्ही कोकणी बोलतो, लिहितो-वाचतो मराठी, पेडण्यात तसंच आहे, त्यावर आज वाद नको. माझी मुलगी मात्र दोन्हींतलं समजते आणि उत्तर इंग्लिशमध्ये देते. नवरा नाईट शिफ्टला. म्हणजे दिवसभरात मी माझ्या भाषेत ज्याच्याशी तोंड उघडून बोलायचे ते एक अबोलीच. "यो गो", "रांव मगे", "पावस पडटा, कोट घाल". तिला सगळं समजायचं. पहिल्या वर्षी मला वाटायचं मी तिला शिकवतेय.

२०२५ च्या ऑक्टोबरात पुढचा उजवा पाय आखडायला लागली. मला वाटलं मुरगळलाय. एक्स-रेत खांद्याजवळच्या हाडाला वाळवी लागल्यासारखं दिसलं. हाडाचा कॅन्सर, या जातीत फार होतो, लांब पायांच्या मोठ्या कुत्र्यांत. पाय काढून केमो दिली तर साधारण वर्ष मिळतं, नाही तर काही महिने, आणि मधेच हाड आपोआप मोडू शकतं. ज्या पायांवर तिला आयुष्यभर पळवलं त्यातला एक काढायचा हे मला जमलं नाही, नवऱ्यालाही नाही. गोळ्या दिल्या. डिसेंबरात एका रात्री ती विव्हळली. साडेचार वर्षांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी व्हेट घरी आली, सोफ्यावरच झोपेचं इंजेक्शन दिलं, मग दुसरं. माझ्या मांडीवर डोकं होतं. व्हेट म्हणाली तुम्ही बोलत राहा, ऐकू येतं. मी बोलत राहिले, काय बोलले ते इथे लिहिणार नाही.

आता दादाने याला विलायती थेर म्हटलंय. दादा, तुला मोती आठवत नाही का? मोतीला कोणी आणलं नव्हतं, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीमागून पळत आला आणि आपल्या अंगणात राहिला. सकाळी चुलीच्या राखेत झोपायचा म्हणून आई हाकलायची आणि दुपारी तीच पेजेत माशाचे काटे कुस्करून घालायची. त्याला रस्त्यावर ट्रकने उडवलं तेव्हा मी पाचवीत, तू आठवीत. बाबांनी त्याला गोणपाटात आणला, विहिरीकडच्या माडाखाली खड्डा खणला, मीठ टाकलं, पुरला, आणि नंतर आठ-दहा दिवस आमच्या घरात मासे शिजले नाहीत. कोणी तसं सांगितलं नव्हतं. बाबांनी पहिल्या दिवशी ताटातला मासा बाजूला केला आणि आईने दुसऱ्या दिवशी आणला नाही, एवढंच. ते सुतक नव्हतं तर काय होतं? साखळीला दत्ताच्या देवळात आपण बाबांबरोबर जायचो, दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, त्यांना नमस्कार करायला बाबांनीच शिकवलं. श्राद्धाला कावळ्याबरोबर कुत्र्याचं पान काढणारी माणसं आपण. मी इथे येऊन काही नवीन शिकले नाही. इथे फक्त त्या दुःखाला लोक कार्ड पाठवतात. व्हेटकडून आलं, शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याने दिलं, मॅनेजरने शिफ्टचा रोटा बदलून दिला आणि कारण विचारलं नाही. माझ्या घरच्यांनी हसरे चेहरे टाकले.

आता ती दुसरी ओळ. दादाने लिहिलं, "बाबा गेले तेव्हा एवढी रडली नव्हतीस."

याला माझ्याकडे उत्तर नाही म्हणूनच मी वरचं सगळं लिहिलंय, लस आणि चिप आणि कोट वॉटर.

बाबा मे २०२१ मध्ये गेले. कोविड नव्हता, हार्ट, रात्री जेवून झोपले ते उठले नाहीत. २३ एप्रिलपासून इंडिया इथल्या कोविडच्या रेड लिस्टवर होता. म्हणजे जाता आलं असतं. परत येताना दहा दिवस हॉटेल क्वारंटाइन, एका माणसाचे १७५० पौंड. मी सगळ्यांना सांगितलं विमानं बंद आहेत. सगळी बंद नव्हती. त्या रात्री मी किचनमध्ये कागदावर हिशेब मांडला, तिकीट, हॉटेल, बुडणारे पगाराचे दिवस, आणि कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. अग्नी फोनवर बघितला. कोणीतरी फोन धरला होता, त्याचा हात हलत होता, मला जास्त वेळ माडच दिसत होते. दुसऱ्या दिवशी अर्ली शिफ्टला गेले.

आणि बाबांच्याच जन्मदाखल्यावर मी इथे आले. १९६१ च्या आधीचा, गोव्यात पोर्तुगीज राज्य असतानाचा जन्म, म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट मिळण्यासारखा, त्यांनी म्हाताऱ्या वयात पणजीला खेपा घालून कागद काढले, स्वतःचं नाव लिस्बनला नोंदवू दिलं, त्यांना स्वतःला कुठे जायचं नव्हतं. दादाने घेतला नाही पासपोर्ट. तो घरी राहिला, त्याने खांदा दिला.

अबोलीचा एक्स-रे, बायॉप्सी, गोळ्या, शेवटची व्हिजिट धरून सोळाशे पौंडांच्या वर गेले. मी एकदाही कागद घेतला नाही.

दादाला हा आकडा माहीत नाही. आता कळेल.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. व्हिडिओ नाही, साधा. तिने ग्रुपबद्दल काही काढलं नाही. वात लावली म्हणाली, दोन दिवस लावली. मग विचारलं, "शेवटी काय खाल्लंन गो तिने?" इतक्या लोकांनी सॉरी म्हटलं, कार्डं दिली, हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, मँचेस्टर रोडच्या दुकानातला फ्रोझन बांगडा उकडला, काटे काढले, मऊ भातात कालवून हाताने भरवला, अर्धा खाल्ला. आई म्हणाली, "बरं केलंस." जरा वेळ काही बोलली नाही. मागे कोणाचातरी टीव्ही चालू होता आणि गल्लीतलं कुत्रं भुंकत होतं.

मी विचारलं, आई, बाबांनी काय खाल्लं होतं त्या रात्री?

साडेचार वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. आईने सांगितलं. पेज, आणि सुका बांगडा भाजून. लोणचं वाढलं तर नको म्हणाले.