झाड पाडायचं, पण श्रद्धेनं

प्लॉटच्या तोंडाशीच कडुलिंबाचं झाड उभं आहे आणि तुम्हाला तिथंच गेट काढायचंय? घाबरू नका. झाडांवर आपल्या सोलापूरकरांची अपार श्रद्धा आहे, आणि श्रद्धा पक्की असली की कुऱ्हाड धरताना हात थरथरत नाही.

आधी मुहूर्त बघा. पाडव्याआधी झाडाला हात लावू नका. गुढीला डहाळी लागते, गुळाबरोबर खायला कोवळा पाला लागतो. ते एकदा उरकलं की झाडाचं वार्षिक काम संपलं.

मग कायदा. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीनं पन्नाशी गाठलेलं झाड ‘वारसा वृक्ष’ झालं, शिवाय तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी रोपं लावायची आली. तेव्हा झाड आजोबांनी लावलंय हे चारचौघांत बोलू नका. लग्नाच्या स्थळाचं वय सांगतात तसं दहा-वीस वर्षं आत घ्या.

एवढी कटकट नको असेल तर सभ्य माणसांचा मार्ग धरा: पेव्हिंग ब्लॉक. पूर्वी पाराच्या आत माती ठेवत, पाणी मुरायचं, वर म्हातारी माणसं बसायची, गावचे तंटे मिटायचे. आता अगदी खोडाला चिकटवून ब्लॉक बसवायचे आणि उरलेल्या फटीत सिमेंट ओतायचं. आमच्या गल्लीतल्या लिंबाला हा मान मिळालाय. सालीची वळी फुगून सिमेंटच्या कडेवर आलीय. छातीच्या उंचीला क्लासच्या पाटीचे चार खिळे आहेत. त्याच्या वर कुठल्याशा वाढदिवसाच्या फ्लेक्सची तार. फ्लेक्स कधीच फाटून गेला, तार मात्र सालीनं अर्धी गिळलीय. मुळांना पाणी नाही, हवा नाही. शेंडा वाळायला लागला की लगेच अर्ज टाकायचा, ‘झाड वठले असून धोकादायक आहे.’ पाप कुणाच्याच माथी नाही. झाड आपलं आपण गेलं.

एक धोका मात्र आधी तपासा. बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड तर नाही ना? सह्याद्रीतल्या देवराया याच युक्तीवर टिकल्या. देवाच्या रानातली काटकीसुद्धा उचलायची नाही म्हटल्यावर लोकांनी पिढ्यान् पिढ्या उचलली नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी या देवरायांचा अभ्यास करून ठेवलाय. अक्कलकोटचंही तेच. स्वामी समर्थ वडाखाली बसत, म्हणून देवस्थानाच्या नावातच वटवृक्ष आला. पण तुम्ही खचू नका, शेंदराचाही आता पूर्वीसारखा धाक राहिलेला नाही. दगडाला आधी फरशी येते, मग ग्रिल, मग पत्रा. पत्र्याला फांदी घासायला लागली की फांदी तोडतात, कारण देवावर पाला पडतो. ज्या झाडामुळे देव तिथं बसला, तेच झाड देवाला अडचण होतं.

वटपौर्णिमेला काय, म्हणाल. त्यासाठी वड लागतो ही जुनी समजूत आहे. मंडईत फांदी मिळते, कुंडीत खोवा, सूत गुंडाळा, दुसऱ्या दिवशी घंटागाडीत. सत्यवान रानात लाकडं तोडायला गेला होता आणि तिथंच कोसळला, एवढा तपशील कथा सांगताना भराभर उरका. पोरं नको तो अर्थ काढतात. दसऱ्याला तर पानं तोडून भागत नाही, ओरबाडावंच लागतं. आपटा सापडला नाही तर कांचन चालतो, पान मोठं म्हणजे सोनंही मोठं.

आणि आपल्याला झाडाची कदर नाही असं कुणी म्हणालं तर त्याला संक्रांतीच्या गड्डा जत्रेला घेऊन या. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं, त्या लग्नाच्या अक्षता अख्खं सोलापूर दरवर्षी टाकतं. काठीला नवरदेवाचा मान देणारं गाव आहे हे. मुळासकट उभ्या असलेल्यांचं मग बघू.

भरपाईची रोपं लावायची वेळ आलीच तर शहरात खड्डे खणून मजूर दमवू नका, नान्नजकडे निघा. तिथलं माळरान रिकामंच दिसतं. माळढोक पक्ष्याला उघडा गवताळ माळच लागतो, म्हणून तर १९७९ साली अभयारण्य झालं, असं कुणी सांगेल. ऐकून घ्या आणि मग सुबाभूळ लावा, भराभर वाढते. फोटोत हिरवं दिसलं की झालं. पक्ष्याला कोण विचारतो? तो दिसतो तरी कुठं आता.

राहिला मे महिना. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकला की गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही. तेव्हा शेजारच्या गल्लीतलं एखादं शिल्लक झाड हेरून ठेवा आणि भल्या सकाळी गाडी त्याच्याखाली लावा. संध्याकाळी काचेवर कावळ्यांनी घाण केलेली असेल. फांदी छाटण्यासाठी अर्ज करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त अर्ज द्यायला रिक्षानं जा; गाडी काढली तर तेवढ्यात दुसरा कुणी सावली धरेल.