सांताच्या कुऱ्हाडीवर बंदी कुणी घातलीच नव्हती

हॅलोविन, म्हणजे अमेरिकेत पोरं भुताखेतांचे वेश करून दारोदार खाऊ मागतात ती ३१ ऑक्टोबरची रात्र, जवळ आला की हा फॉरवर्ड उगवतो आणि नाताळ सरेपर्यंत ग्रुपाग्रुपांतून फिरत राहतो. वर कवटीचं चित्र, खाली 'पालकांनो, जागे व्हा' आणि मधे सहा मुद्दे. यंदा तो आमच्या आत्याच्या फोनवर पोचला. तिची नातवंडं न्यू जर्सीत. तिने लगोलग लेकीला फोन लावून बजावलं, ३१ तारखेला पोरांना दाराबाहेर सोडू नकोस, तिकडे चॉकलेटात विष घालतात. आता मात्र उत्तर द्यायलाच हवं.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. सणासुदीला खून दाखवायची विकृती १९७८च्या 'हॅलोविन'ने सुरू केली. त्यातला पांढरा मुखवटा फाशी गेलेल्या एका खुन्याच्या चेहऱ्यावरून घेतलेला साचा आहे. हे सिनेमे निव्वळ रक्तपातावर चालतात, आणि विकृत लोकच ते दरवर्षी पुन्हा पुन्हा बघतात. आपल्या संस्कृतीत सणाला असलं काही नसतं. सांताक्लॉज खून करतो अशा सिनेमावर अमेरिकन सरकारने बंदी घालून सगळ्या प्रती जाळल्या. आणि शेवटचा, आत्याची झोप उडवणारा: हे सिनेमे बघूनच लोक हॅलोविनच्या खाऊत विष आणि ब्लेडं घालायला लागले, दरवर्षी शेकडो मुलं दगावतात.

पहिला मुद्दा दोन ओळींत संपतो. बॉब क्लार्कचा 'ब्लॅक ख्रिसमस' १९७४चा, कॅनडाचा, 'हॅलोविन'च्या चार वर्षं आधीचा. खुनी सांता तर १९७२च्या 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' या ब्रिटिश सिनेमातल्या पहिल्याच गोष्टीत येऊन गेलाय.

मुखवट्याची गंमत मात्र जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'चं अख्खं बजेट तीन-सव्वातीन लाख डॉलर. मुखवटा स्वतंत्र बनवून घ्यायला पैसे नव्हते, म्हणून कलादिग्दर्शन सांभाळणारा टॉमी ली वॉलेस हॉलीवूड बुलेव्हार्डवरच्या दुकानातून तयार मुखवटे घेऊन आला. त्यातला एक विदूषकाचा होता आणि एक 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरचा. कर्कच्या मुखवट्याची किंमत दोन डॉलरच्या आत. वॉलेसने त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले आणि चेहऱ्यावर पांढरा रंग मारला. झाला मायकल मायर्स, सिनेमातला खुनी. चेहरा खऱ्या माणसाचा होता एवढं फॉरवर्डवाल्याला देऊन टाकू. पण तो माणूस हयात होता आणि फाशीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

तो मुखवटा भीतिदायक का वाटतो, याचं उत्तर भुताखेतांत नाही, दिव्यांत आहे. पांढऱ्या सपाट चेहऱ्यावर भाव नसतात, त्यामुळे जेवढा उजेड टाकाल तेवढाच तो दिसतो. नायिका दाराशी उभी आहे, मागे काळोखी खोली आहे, आणि त्या काळोखातून हळूहळू चेहरा उमटतो, तो प्रसंग आठवा. छायालेखक डीन कंडीने तिथे छोटा दिवा डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर) लावून सावकाश वाढवला होता. खुनी जागचा हललेलाही नाही. (घरी हा मुखवटा करू बघणाऱ्यांसाठी: लॅटेक्सवर, म्हणजे मुखवट्याच्या रबरावर, साधा स्प्रे मारू नका. मुखवटा डोक्यावर चढवताना ताणला जातो, रंग ताणला जात नाही, मग तो तडकतो आणि पापुद्रे सुटतात. लॅटेक्समध्येच रंग कालवून पातळ थर द्यावे लागतात.)

आता रक्तपात. 'हॅलोविन' पुन्हा लावा आणि रक्त मोजा. जवळपास नाहीच. सुरुवातीचा लांबलचक शॉट एका सहा वर्षांच्या मुलाच्या नजरेतून आहे आणि त्यात सुरी धरलेला हात निर्माती-सहलेखिका डेब्रा हिलचा. त्या शॉटमधलं जुनाट घर चित्रीकरणभर पडीकच ठेवलं होतं. शेवटी सगळ्या युनिटने हात लावून ते रंगवलं, सजवलं आणि गोष्टीतला पंधरा वर्षांपूर्वीचा तो शॉट घेतला. चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडेनाचं आणि तेही वसंतातलं. म्हणून ऑक्टोबरची पानगळ दाखवायला रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की पोत्यात भरायची आणि पुढच्या गल्लीत पुन्हा पसरायची. इलिनॉयमधलं म्हणून दाखवलेलं गाव, पण नीट पाहिलंत तर मागे पामची झाडं दिसतात. आणि भीती? ती पियानोच्या पाच मात्रांच्या ठेक्यात आहे. कार्पेंटरने संगीत घालायच्या आधी सिनेमा स्टुडिओतल्या एका बाईंना दाखवला, त्यांना जराही भीती वाटली नाही. मग त्याने संगीत घातलं.

'ब्लॅक ख्रिसमस'मध्येही तेच. पहिला खून कपड्यांवरच्या प्लास्टिकच्या पिशवीने होतो, आणि ते प्रेत माळ्यावर खिडकीपाशी झुलत्या खुर्चीत बसून राहतं. खुन्याच्या नजरेचे शॉट घेताना कॅमेरामनने कॅमेरा अंगावर बांधून घेतला आणि भिंतीवरच्या जाळीने वर चढला. खुन्याचा फोनवरचा आवाज देणारा नट निक मॅनक्यूसो काही वेळा डोक्यावर उभा राहून बोलला, छातीवर दाब येऊन आवाज बदलावा म्हणून. फोन कुठून येतोय हे शोधायला टेलिफोन खात्याचा माणूस एक्स्चेंजमध्ये यंत्रांच्या रांगांमधून अक्षरशः धावतो, कारण जोडणी डोळ्यांनी बघत मागे जावं लागायचं आणि तेवढा वेळ समोरच्याला फोनवर अडकवून ठेवावं लागायचं. आज तो प्रसंग बघताना जो घाम फुटतो तो त्या धावण्याने.

बरं, पुढचे सगळे सिनेमे असे सोवळे नाहीत, हे कबूल. 'हॅलोविन'ने कोट्यवधी डॉलर कमावल्यावर निर्मात्यांनी कॅलेंडर घेऊन एकेक तारीख ताब्यात घेतली: मदर्स डे, एकतीस डिसेंबर, एप्रिल फूल, काहीच सोडलं नाही. त्यातला १९८१चा 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' इतका रक्तबंबाळ होता की रेटिंगसाठी (सिनेमा कुठल्या वयाच्या प्रेक्षकाने बघावा ते सांगणाऱ्या शिक्क्यासाठी) त्यातली कित्येक मिनिटं कापावी लागली. तो तरी लोकांना का आठवतो? नोव्हा स्कोशियातल्या सिडनी माइन्स गावच्या खऱ्या कोळसा खाणीत तो चित्रित झालाय म्हणून. शूटिंगवाले येणार म्हणून गावाने खाण घासूनपुसून लख्ख केली आणि युनिटला ती पुन्हा कळकट करत बसावं लागलं. आत मिथेनचा धोका, त्यामुळे हवे तेवढे दिवे लावता येईनात. पडद्यावरचा तो कोंदट अंधार या अडचणीतून आलाय.

हे सिनेमे दरवर्षी पुन्हा पुन्हा बघणारे विकृत, हा मुद्दा राहिला. ठरावीक चाहते वर्षानुवर्षं जपतात अशा सिनेमाला 'कल्ट' म्हणतात, आणि 'कल्ट' म्हणजे विकृती नव्हे. निर्मात्याला सण फुकटात मिळतो: रोषणाई, झाड, पुठ्ठ्याचे भोपळे लोकांनी आधीच लावलेले असतात, आणि सांताचा वेश हा असा बुरखा आहे की तो घालून कुणाच्याही घरात शिरलं तरी कुणी हटकत नाही. प्रेक्षकाला त्यातून तारीख मिळते. बाकीचे स्वस्त सिनेमे आठवड्यात विसरले जातात; हे दरवर्षी त्याच रात्री टीव्हीवर आणि थिएटरात परत येतात, लोक संवाद पाठ करून येतात, चुका शोधतात, पामच्या झाडांना टाळ्या वाजवतात.

संस्कृतीच्या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात जाऊन बघा. वाड्यावाड्यात सुळे काढलेले, लाल डोळ्यांचे दोन मजली नरकासुर उभे असतात, स्पर्धा लागतात, पोरं रात्रभर जागतात आणि पहाटे ते पेटवतात. आणि अंगाला उटणं लावून पायाच्या अंगठ्याखाली फचकन फोडलेलं ते कडू कारीट कुणाचं प्रतीक आहे, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने आपल्या आजीला विचारावं.

आता बंदी. अमेरिकेत आपल्यासारखं सरकारी सेन्सॉर बोर्डच नाही. सिनेमाला घटनेने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालीच सांगितलं. रेटिंग देते ती सिनेउद्योगाची स्वतःची संघटना. मग 'सायलेंट नाइट, डेडली नाइट'चं, म्हणजे फॉरवर्डमधल्या त्या खुनी सांताच्या सिनेमाचं, झालं काय?

तो ९ नोव्हेंबर १९८४ला ट्रायस्टार कंपनीने सुमारे चारशे पडद्यांवर लावला. त्याच दिवशी 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' लागला होता, आणि पहिल्या तीन दिवसांत सांताने त्याच्यापेक्षा जास्त गल्ला जमवला. (पडदेही दुपटीहून जास्त होते, हेही सांगायला हवं.) धुराड्यातून आत जाणारा सांता आणि त्याच्या हातात कुऱ्हाड, अशी जाहिरात. ती टीव्हीवर मुलं बघत बसलेली असतात त्या वेळेत दाखवली आणि तिथेच घोडं पेंड खाल्लं. चार वर्षांपूर्वी, १९८०मध्ये, 'ख्रिसमस ईव्हिल' नावाचा खुनी सांताचाच सिनेमा येऊन गेला होता, तेव्हा असा गदारोळ झाला नव्हता. म्हणजे पालक भडकले ते सिनेमापेक्षा दिवाणखान्यात शिरलेल्या जाहिरातीवर, आणि माझ्या मते त्यात त्यांचं फारसं चुकलं नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये थिएटरबाहेर नाताळची गाणी म्हणत निदर्शनं झाली. समीक्षक जीन सिस्केलने टीव्हीवर सिनेमा बनवणाऱ्यांची नावं वाचून त्यांची लाज काढली. कंपनीने आधी जाहिराती थांबवल्या, मग सिनेमाच काढून घेतला. बदनामी नको म्हणून व्यापाऱ्याने घेतलेली ती माघार होती. फॉरवर्डमधलं अर्धसत्य ते एवढंच.

आणि प्रती जाळल्या म्हणे! पुढे वेगळ्या वितरकाने तोच सिनेमा पुन्हा थिएटरात लावला. मग तो व्हिडिओवर आला. १९८७मध्ये दुसरा भाग आला त्याचा जवळजवळ निम्मा वेळ पहिल्या भागातल्या दृश्यांनी भरलेला आहे. नायक बसून आठवणी सांगतो आणि आपण आधीचाच सिनेमा पुन्हा बघतो. राखेतून रीळ काढलं काय? पैसे वाचवायला केलेल्या या भागातला 'गार्बेज डे!' हा एक आरडाओरडीचा संवाद आज मूळ सिनेमापेक्षा प्रसिद्ध आहे. हरवलं असलंच काही, तर रेटिंगसाठी कापलेल्या तुकड्यांची चांगली प्रत. म्हणून न कापलेल्या आवृत्तीत मधेच चित्र फिकं आणि धुरकट होतं. ते तुकडे हलक्या प्रतीवरून जोडलेत. जुन्या चाहत्याला तो धुरकटपणा दिसला की कळतं, रेटिंगची कात्री इथे लागली होती.

राहिलं विष. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८पासूनच्या बातम्या चाळून या एकाच गोष्टीचा माग काढला. १९८५मध्ये त्यांचा निबंध आला आणि नंतरही ते नोंदी तपासत राहिले. निष्कर्ष: दारोदार खाऊ मागणाऱ्या मुलाला अनोळखी माणसाने दिलेल्या विषारी किंवा ब्लेड घातलेल्या खाऊने मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण सापडलं नाही. बहुतेक बातम्या मुलांनी किंवा मोठ्यांनी केलेला बनाव निघाल्या. नेहमी पुढे केली जाणारी दोन प्रकरणंही त्यांनी उलगडून दाखवली. १९७०मध्ये डेट्रॉइटला पाच वर्षांचा मुलगा गेला तो काकाकडच्या हेरॉइनने. खाऊची गोष्ट मागाहून रचलेली. १९७४मध्ये टेक्सासात एका मुलाच्या गोड पुडीत सायनाइड सापडलं, ते त्याच्या सख्ख्या बापाने विम्याच्या पैशासाठी घातलं होतं. आणि तारखा बघा: १९७० आणि १९७४. 'हॅलोविन' आला १९७८ला. म्हणजे सिनेमा बघून विष घातलं म्हणायचं, तर बघणाऱ्यांनी तो निघायच्या आधीच बघितला असणार.

'शेकडो मुलं दगावतात' हे तर सपशेल खोटं. त्या रात्रीचा खरा धोका रस्त्यावर आहे. २०१९मध्ये 'जामा पीडियाट्रिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्याच्या मृत्यूचा धोका आसपासच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त असतो. अंधार, काळे कपडे, गाड्यांच्या मधून धावणारी पोरं आणि बाजूचं काही दिसू न देणारा मुखवटा. तेव्हा आत्याच्या लेकीने पोरांना खुशाल पाठवावं. पाठीवर आणि पिशवीवर चमकणारी पट्टी चिकटवावी, हातात बॅटरी द्यावी, झगा घोट्याच्या वर शिवावा आणि मुखवट्याऐवजी चेहरा रंगवावा. पोरगं मायकल मायर्सच व्हायचं म्हणून हटून बसलं, तर मुखवट्याच्या डोळ्यांची भोकं आधी कात्रीने मोठी करून घ्यावीत. वॉलेसनेही तेच केलं होतं.